अजून उतरलं नाही

“पडलं!” भाऊसो ओरडले, तशी मंडळाच्या हॉलमधली सगळी माणसं दारातून बाहेर धावली आणि माना वर करून आभाळाकडे बघायला लागली.

पण पडलं होतं ते पाखरू नव्हतं, माझं अॅप होतं. आयपॅडवर आणि त्याला जोडलेल्या मोठ्या टीव्हीवर क्षणभर यादी दिसली आणि गुडूप झाली. भाऊसो मंडळाचे सेक्रेटरी. ते टीव्हीकडे बोट करून तसेच उभे होते. मी लॅपटॉप उघडून बसले होते त्या टेबलाशी माणसं एकेक करून परत आली आणि माझ्याकडे बघू लागली. सकाळी याच माणसांनी सत्कार करून मला नारळ दिला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात नुकतीच नोकरीला लागले होते, आयफोनची अॅप लिहायचे आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटायचं.

आमच्या इचलकरंजीत उन्हाळ्यात कबुतरं उडवण्याची स्पर्धा होते. प्रत्येक स्पर्धक सकाळी आपल्या गच्चीवरून एक पाखरू सोडतो. गच्चीवर मंडळाचा एक पंच बसलेला असतो. सोडण्याआधी तो पाखराच्या पंखावर शिक्का मारतो. शिक्क्यावर कुठल्यातरी फुलाचं नाव असतं, आणि ते पंचाशिवाय कुणाला आधी ठाऊक नसतं. मग पाखरू वर जातं, त्याचा ठिपका होतो, आणि निम्मं गाव गच्चीवर उताणं पडून ते ठिपके बघत बसतं. जे पाखरू सगळ्यांत उशिरा आपल्याच गच्चीवर उतरेल ते जिंकलं. अटी दोनच. दुपारी बाराच्या आत उतरलं तर बाद. आणि संध्याकाळी उतरलं तर दिवा न लावता पंचाला शिक्का वाचता आला पाहिजे, नाहीतर तेही बाद.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो आईमुळे. आई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली, आणि तिच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या तेव्हा तिने गच्चीवर कबुतरांची ढाबळ बांधली. पहिली जोडी तिला समोरच्या घरातल्या दस्तगीरचाचांनी दिली. चाचा यंत्रमागावर काम करून थकलेले, एकटेच राहणारे, बोलायला कमी. पण पाखरांविषयी विचारलं की खुलायचे. त्या जोडीला झालेला एक ठिपकेवाला नर होता, तिळ्या. त्याला घेऊन आई त्या वर्षी पहिल्यांदा स्पर्धेत उतरली होती. स्पर्धेतली ती एकटीच बाई. तिनेच मंडळात सांगून टाकलं होतं, “निकालाचं माझी सुनेत्रा करील. कागदावर मारामाऱ्या कशाला?”

तर ते केलेलं, आणि आता पडलेलं.

“काय झालं पोरी?” तवनाप्पाकाकांनी विचारलं. ते मंडळाचे अध्यक्ष. चार वर्षं ओळीने त्यांचंच पाखरू जिंकत आलेलं.

“बघते काका. दोन मिनिटं.”

काय झालं ते मला बघताक्षणी कळलं, आणि कान गरम झाले. प्रत्येक पाखरासमोर उतरल्याची वेळ लिहायची होती. जे उतरलंच नाही त्याची वेळ कुठून आणायची? म्हणून ती मी ऑप्शनल ठेवली होती. स्विफ्ट या भाषेत त्याचा अर्थ असा, की त्या जागी वेळ असेल किंवा काहीच नसेल. त्या काहीच नसण्याला निल म्हणतात. आता यादीतून बारानंतर उतरलेली पाखरं निवडायची, तर प्रत्येकाची वेळ बाराशी ताडून बघायला हवी. स्विफ्ट तिथे अडवते. म्हणते, आधी उघडून बघ आत काही आहे का, मग ताड. घाईतला माणूस अशा वेळी नावापुढे एक उद्गारचिन्ह ठोकून देतो. म्हणजे, आहे गं बाई आत वेळ, माझ्यावर विश्वास ठेव! स्विफ्ट विश्वास ठेवते. आणि आत काही नसलं की जागच्या जागी कोसळते.

घरी मी ते अॅप दहादा चालवून पाहिलं होतं. गेल्या वर्षीचे आकडे घालून. गेल्या वर्षीची पाखरं सगळी कधीच उतरलेली होती.

“काही नाही काका, छोटीशी चूक आहे,” मी म्हणाले, आणि उद्गारचिन्ह काढून तिथे दोन प्रश्नचिन्हं आणि शून्य घातलं. याचा अर्थ, वेळ नसेल तर शून्य धर. आयपॅडवर अॅप पुन्हा चढवलं. पडलं नाही. टीव्हीवर दोन रकाने आले, ‘पात्र’ आणि ‘बाद’. भाऊसोंनी खूश होऊन त्याचा फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला.

मग फोन सुरू झाले.

पहिला फोन लिंबू चौकातून. “आवो भाऊसो, आमचं पाखरू वर हाय, अन् तुमी बाद लिवताय?” भाऊसोंनी तो ठेवला तोवर दुसरा. तिसरा माणूस फोनवर थांबलाच नाही, मोटारसायकलवर बसून थेट हॉलमध्ये आला आणि मला दारातूनच म्हणाला, “ताई, जरा बाहेर या. ते बघा. दिसतंय का? काय हाय ते? विमान हाय का?”

शून्य म्हणजे बाराच्या आधी. बाराच्या आधी म्हणजे बाद. वर उडत असलेली एकूण एक पाखरं मी एका फटक्यात बाद करून टाकली होती. आणि त्यांत तिळ्याही होता.

“सुने,” आईचा फोन आलाच, “माझा तिळ्या इथे डोक्यावर घिरट्या घालतोय आणि तू त्याला घरी बसवलंस?”

“आई, ठेव फोन. करते मी नीट.”

“शाळेत असतीस तर अंगठे धरायला लावले असते.”

ती हसत होती. हॉलमध्ये भडंगाची परात फिरत होती, कुणीतरी माझ्यासमोर मूठभर ठेवलं, ते तसंच राहिलं. मी विचार केला, वेळ नसलेल्यांना यादीत घ्यायचंच कशाला? त्यासाठी स्विफ्टमध्ये तयार सोय आहे, कॉम्पॅक्टमॅप. यादी तिच्यातून काढली की निल गळून जातात आणि उरतात ती फक्त खरी मूल्यं. पडायचं भय नाही, खोटं शून्य नाही. आमच्या ऑफिसात वरचे लोक हेच करा म्हणून सांगायचे. मी केलं, आणि टीव्हीवर यादी अशी सुरेख आली की तवनाप्पाकाका म्हणाले, “आता कसं! ज्याचं उतरलं त्याचं नाव, बाकीच्यांचा गोंधळ नाही.”

भाऊसोंनी नवा फोटो टाकला. फोन बंद झाले. मी ते भडंग खाल्लं.

दुपार मजेत गेली. पंच फोन करत होते, मी वेळ घालत होते, नाव यादीत आपोआप आपल्या जागी जाऊन बसत होतं. जमलेली मंडळी पैजेच्या आवेशात टीव्हीकडे बघत होती, आणि दर फोनला कुणीतरी कपाळावर हात मारत होतं, कुणीतरी टाळी देत होतं. ऊन कललं तसे फोन विरळ झाले. मग तवनाप्पाकाकांच्या गच्चीवरून फोन आला, त्यांचा सम्राट उतरला. मी वेळ घातली. सम्राट यादीच्या डोक्यावर जाऊन बसला.

त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. सगळे बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. शेवटी भाऊसो म्हणाले, “झालं की मग! पाचव्यांदा अध्यक्षच!” आणि बाहेर हलगी कडाडली. कुणी गुलाल आणला, कुणी झेंडूचा हार. काकांनी हार घालून घेतला, मिशीवर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, “पोरी, तुझं यंत्र लई शुभ आहे.”

माझा फोन टेबलावर थरथरत होता, ते मी पाहिलं तेव्हा आईचे बरेच फोन येऊन गेले होते.

“अगं, किती वेळ करतेय मी! काय लग्न लागलंय का तिथे?”

“निकाल लागला आई. तवनाप्पाकाकांचा सम्राट.”

“कसा लागला? माझा तिळ्या वर आहे अजून.”

“वर आहे?”

“वर म्हणजे वर! पंच इथे बसलेत, विचार त्यांना. काकांचे मेहुणेच आहेत, मला फुकट पाठीशी घालायचे नाहीत.”

टीव्हीवर यादी होती तशीच सुरेख होती. तिच्यात तिळ्या ‘पात्र’मध्ये नव्हता आणि ‘बाद’मध्येही नव्हता. तो कुठेच नव्हता. स्पर्धेत सगळ्यांत पुढे असलेलं पाखरू मीच यादीतून काढून टाकलं होतं. आणि ते सगळ्यांत पुढे होतं म्हणूनच निघून गेलं होतं.

आता हे सांगायचं कसं? बाहेर हलगी, गळ्यात हार, आणि निकाल बदला म्हणणारी मी. कुणासाठी, तर स्वतःच्या आईसाठी. एकदा वाटलं, गप्प बसावं. आईला घरी गेल्यावर समजावता येईल. ती समजूनही घेईल. पण ती त्या वेळी मान दुखेपर्यंत वर बघत उभी असणार, हे डोळ्यांसमोर आलं, आणि मी उठून हलगीवाल्याच्या हातावर हात ठेवला.

“काका, निकाल लागलेला नाही. एक पाखरू अजून वर आहे.”

“कुणाचं?”

“आईचं.”

मग भाऊसो कुणाकडेही न बघता म्हणाले, “आईचं होय.” एवढंच. पण मागे दोघं-तिघं हसले, आणि ते हसणं मला अजून आठवतं.

काकांचा चेहरा उतरला होता. हार गळ्यातच होता. “पोरी, सकाळपासून तिसऱ्यांदा झालं हे,” ते म्हणाले. “आता यादी कशावरून खरी?”

“पाच मिनिटं द्या. सगळ्यांसमोर करते. टीव्हीवरच बघा.”

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. करायचं काय ते आता सरळ दिसत होतं. वेळ असेल तर ती नीट उघडून घ्यायची आणि बाराशी ताडायची. नसेल तर ना शून्य धरायचं, ना गाळून टाकायचं. ज्यांची वेळ निल, त्यांना वेगळं निवडून त्यांचा तिसरा रकाना करायचा. रकान्याला नाव हवं होतं. मी लिहिलं, ‘अजून उतरलं नाही’.

अॅप आयपॅडवर चढवलं आणि टीव्ही पुन्हा त्याला जोडला. तिसरा रकाना आला. त्यात आईचं नाव होतं. आणि आईच्या खाली आणखी एक नाव होतं.

“दस्तगीर मोमीन,” काकांनी मोठ्याने वाचलं. “पाखरू सुरमा. हे कसं? त्याचं तर दुपारीच गेलं.”

“कोण म्हणालं?” मी विचारलं.

काकांनी भाऊसोंकडे पाहिलं. भाऊसो म्हणाले, “म्हणालं असं कुणी नाही. यादीत नाव नव्हतं, म्हणून...”

मी चाचांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“चाचा, सुरमा कुठंय?”

“वर हाय की बेटी.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच संथ. “झ्याक उडतंय. पण आता काय त्याचं? दुपारी तुमी बाद लिवलं. मग नावच काडलं. म्या म्हणलं, असंल काय नियम.”

“मग फोन का नाही केलात?”

“कुणाला करायचा बेटी?”

आईला फोन करायला मी होते. इतरांची पाखरं उतरली आणि त्यांची नावं आपोआप परत आली. चाचांचं पाखरू चांगलं उडत राहिलं, म्हणून त्यांचं नाव आलं नाही. आणि ते गच्चीवर एकटे बसून राहिले.

“पंच आहेत का तिथे?”

“निगालेत. म्या म्हणलं, च्या पिऊन जावा.”

“त्यांना सोडू नका चाचा! जिन्याची कडी घाला!”

काकांनी गळ्यातला हार काढला, टेबलावर ठेवला आणि चपला शोधायला लागले. “बघताय काय?” ते सगळ्यांवर खेकसले. “उजेड चाललाय. आधी तिकडे चला, मग काय ती नावं वाचा.”

आमची गल्ली अरुंद. एका बाजूला आमची गच्ची, समोर चाचांची. हलगीवाल्यासकट सगळी वरात आमच्या गच्चीवर चढली. आई दाण्यांचा डबा वाजवत उभी होती, पदर कमरेला खोचलेला, आणि “आऽ आऽ आऽ” करून घसा बसलेला. मला बघून म्हणाली, “आलीस? गप उभी राहा, पाखरू बुजेल.”

तिळ्या खाली येत होता. मोठ्या घिरट्या लहान झाल्या, ठिपक्याला पंख फुटले, आणि मग तो सरळ येऊन शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर बसला.

“मेल्या, इकडे!” आई ओरडली. टाकीवर बसलेलं धरत नव्हते. तिळ्याने सावकाश चोचीने पंख साफ केले, सगळी गल्ली ते बघत राहिली, आणि मग जणू काही घाई नव्हती अशा थाटात तो आमच्या कठड्यावर उडी मारून आला. पंचांनी त्याला अलगद धरलं, पंख उलगडला आणि म्हणाले, “शेवंती. बरोबर.” काकांचे मेहुणे ते, त्यांनी आपल्या भावजींकडे पाहून खांदे उडवले. काकांनी मान हलवली.

आईने टाळ्या वाजवल्या, मला मिठी मारली, आणि मिठीतूनच समोर बघून थांबली. समोरच्या गच्चीवर चाचा चटईवर उताणे पडून आभाळात बघत होते. त्यांच्याशेजारी पंच, हातात चहाचा कप.

“सुने, चाचांचा सुरमा वर आहे अजून?”

“हो. यादीत आहे.”

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, नको येऊ दे. अंधार पडायला थोडाच वेळ होता. सुरमा आला नाही तर आई जिंकली असती, पहिल्याच वर्षी, सगळ्या गावासमोर. पण आईने दाण्यांचा डबा उचलला होता आणि ती जिन्याकडे निघालीही होती. मी तिच्यामागे धावले. समोरच्या जिन्याला खरोखरच आतून कडी होती.

“चाचा, कडी काढा!” आई खालून ओरडली. “आणि असे पडून काय राहिलात? हाका मारा त्याला!”

“मारू म्हणता मास्तरीणबाई? बाद हाय म्हणून म्या गप बसलो.”

“बाद नाही तो. मारा!”

चाचा उठले. त्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की माझे कान बसले. आईने डबा वाजवला. आमच्या गच्चीवरून काका त्यांच्या भरदार आवाजात “आऽ आऽ” करायला लागले, आणि ते बघून भाऊसोही. पश्चिमेला नुसती लाली उरली होती. ठिपका कुणालाच दिसत नव्हता.

मग चाचा म्हणाले, “आला.”

आम्हांला कुणाला काही दिसलं नाही, पण चाचांनी हात वर करून ठेवला. काळसर काहीतरी वरून दगडासारखं आलं, शेवटच्या क्षणी पंख पसरले, आणि सुरमा चटईच्या मधोमध उतरला. टाकी नाही, कठडा नाही.

पंचांनी कप ठेवला. सुरम्याला घेऊन ते पश्चिमेच्या कठड्याशी गेले, पंख उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा डोळ्यांवर आणला. कुणीतरी सवयीने मोबाइलचा दिवा लावला, तशी चारी बाजूंनी शिवी बसली आणि तो विझला.

“जा,” पंच म्हणाले.

“कुठं जा?” भाऊसोंनी पलीकडून विचारलं.

“थांबा हो! जा... स्वं...” त्यांनी पंख जरासा तिरपा केला. “जास्वंद. जास्वंद आहे!”

पुढचं सगळं एकदमच झालं. हलगी वाजली, आई चाचांच्या गच्चीवर खरोखर नाचली, आणि मी आयपॅडवर सुरम्याची वेळ घातली. तिसरा रकाना रिकामा झाला. पहिल्या रकान्यात सुरमा, मग तिळ्या, मग सम्राट. काकांनी हॉलमधून हार मागवला, गल्ली ओलांडून वर आले आणि चाचांच्या गळ्यात घालून म्हणाले, “दस्तगीर, माझी जिंकायची सवय मोडलीस बघ.” आणि माझ्याकडे वळून, “पुढच्या वर्षीपण तूच करायचं पोरी. मात्र तो तिसरा रकाना सकाळपासून पाहिजे.” भाऊसोंनी मला काही म्हटलं नाही, पण स्वतः जाऊन माझ्यासाठी चहा आणला.

चाचा हार सावरत आईला म्हणाले, “मास्तरीणबाई, तुमाला वाईट न्हाई ना वाटलं? पहिला लंबर तुमचाच होता.”

“वाईट? मला?” आईने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “हिने मला दुपारी बाद केलं, मग गाळून टाकलं, आणि संध्याकाळी दुसरी आणली. आता हिला मी मटण करून घालणार आहे. तुम्हीही या जेवायला, आणि येताना त्या सुरम्यालाही घेऊन या.”